सहावा चमचा

पप्पा, तुम्ही ज्या मुलीला खोका बांधायला शिकवलंत, तिचा खोका गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुमच्या दिवशी फोटोसमोर मेणबत्ती लावते, आईला विहारात घेऊन जाते, तेवढ्यावर भागतं. पण हा खोका आल्यापासून तुमच्याशी भांडण काढावंसं वाटतंय. तुम्ही होतात तेव्हा काढलं नाही, कारण वाटायचं, मोठी झाले की हे आपोआप जाईल. आता मी बेचाळीस वर्षांची आहे आणि ते गेलेलं नाही.

आधी मी काय काम करते ते सांगते, कारण तुमच्या वेळी आपल्या भागात हे काम कुणी ऐकलंही नव्हतं. सिल्व्हर पार्कला एका मेडिकलच्या वर आमचं ऑफिस आहे. आपल्या मीरा-भाईंदरमधले लोक आता घरबसल्या जर्मनीत, फ्रान्समध्ये, स्पेनमध्ये माल विकतात, खोट्या दागिन्यांपासून स्टीलच्या डब्यांपर्यंत सगळं. तिकडचा कायदा असा की गिऱ्हाइकाच्या घरी तुमचा खोका गेला की त्या खोक्याचा कचराही तुमचाच. पुठ्ठा किती, कागद किती, प्लॅस्टिक किती, ते ग्रॅममध्ये कळवायचं, त्या कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या खर्चातला आपला वाटा उचलायचा आणि त्या देशाचा नोंदणी नंबर घ्यायचा. एका देशाचा नंबर दुसऱ्या देशात चालत नाही, आणि नंबर नसला तर वेबसाइटवाले तुमचा माल तिथून काढून टाकतात. लोक खोक्याचं वजन बरोबर सांगतात आणि चिकटपट्टी विसरतात, आतलं बबल विसरतात, म्हणून आम्ही प्रत्येकाकडून एक बांधलेला नमुना मागवतो. तो मी उघडते, पुठ्ठा एकीकडे, प्लॅस्टिक एकीकडे करते आणि सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर तोलते. म्हणजे बघा, तुम्ही जन्मभर खोके बांधलेत आणि मी पगार घेते तो खोके फोडायचा. सर म्हणतात, माझ्याइतकं नीट कुणी फोडत नाही.

त्या खोक्यावर पत्ता तारोडी गावचा होता आणि आत काचेचा दिवा. फॉर्मवर लिहिलेलं, पुठ्ठा दोनशे बारा ग्रॅम, प्लॅस्टिक शून्य. सरांनी फॉर्म बघितला आणि हसले. म्हणाले, "काँच भेज रही है और प्लास्टिक ज़ीरो? झूठ बोल रही है." मलाही तसंच वाटलं, रोजच बोलतात लोक. मी कटर घेतला आणि पट्टी कुठे आहे ते शोधायला लागले. पट्टी नव्हतीच. पत्त्याचा कागदसुद्धा खळीने चिकटवलेला. झाकणाचे दोन कान आत खोचले होते. एक कान ओढला तशा चारही बाजू सैल होऊन टेबलावर पसरल्या, आणि मधोमध त्याच पुठ्ठ्यातून काढलेली कॉलर, तिच्यात मान अडकवून बसलेला दिवा. काच कुठेही कशालाही टेकत नव्हती. तिथे माझा हात थांबला. ही कॉलर मी बारा वर्षांची असताना बघितली होती, आणि पुठ्ठ्यातून अशी कॉलर काढणारा एकच माणूस मला माहीत होता.

मे महिन्याची सुट्टी आहे. आईने डबा दिलाय आणि मी काशीगावच्या गाळ्यात तो घेऊन आलेय. गाळ्यात काचेचे दिवे बनतात, मागच्या बाजूला तुमचं पॅकिंग खातं. तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलायत आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या चमच्याच्या दांडीने पुठ्ठ्यावर रेघ ओढताय. त्या रेघेवर पुठ्ठा असा मुकाट मोडतो की मी डबा ठेवायचं विसरते. तुमच्यासमोर एक मुलगी बसलीय, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, गळ्यात क्रूस, तारोडीहून दोन बसा बदलून येणारी. मी एक तुकडा उचलते आणि दुमडून बघते. तुम्ही वर न बघताच म्हणता, "ठेव ते खाली. पुस्तक कुठंय तुझं?" मी म्हणते, नुसतं बघतेय. "काय बघायलीस? हे बघून काय करायचंय तुला? हात खराब करून घ्यायचे न्हाईत. जा, घरी जा." आणि लगेच, पप्पा, त्याच श्वासात, तुम्ही तिचा अंगठा धरून घडीवर नीट ठेवता आणि म्हणता, "हां, आता दाब. हळू." तुम्ही माझ्याशी कधी तसं हळू बोलला नाहीत. पाढे घेतानाही नाही.

तुमचं म्हणणं काय होतं ते मला तेव्हाही कळत होतं. हातावर जगणारी आपल्या घरातली शेवटची पिढी तुमची असायला हवी होती. गावाहून तुम्ही त्यासाठीच निघालात. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा तुम्ही मला मखमली डबीतलं पेन आणलंत आणि पुढे आठवडाभर शेजारपाजारी सांगत फिरलात. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच वर्षी तुमचे डोळे अधू झाले, तुम्ही गाळा सोडलात, आणि शेवटच्या दिवशी घरी आलात तेव्हा आई ओट्यापाशी भाकरी थापत होती. तिने विचारलं, "माझा चमचा आणलात का?" तिच्या लग्नातल्या सहा चमच्यांतला तो एक, दांडीवर तिचं नाव घातलेलं, तुम्ही वर्षानुवर्षं गाळ्यात ठेवलेला. तुम्ही म्हणालात, "दिला." "कुणाला?" "त्या पोरीला. तिला लागतो." आई पुटपुटली, आता पाचाचा काय सेट म्हणायचा, आणि विषय संपला. मी आत अभ्यासाला बसले होते, हातात तुमचं पेन. ते पेन मी त्या रात्री दप्तराच्या तळाशी टाकलं आणि परीक्षेला साध्या बॉलपेनने लिहिलं. तुम्हाला कधी कळलं नाही.

तर तो खोका मी तोलला. दोनशे बारा ग्रॅम, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. फॉर्म खरा होता. मी सही करून तो पुढे पाठवायचा होता, दहा मिनिटांचं काम. जर्मनीचा नंबर तिच्याकडे होता, तोच सगळीकडे चालतो असं तिला वाटत होतं, बऱ्याच जणांना वाटतं. फ्रान्सच्या वेबसाइटने तिला शेवटची तारीख दिली होती आणि ती तारीख चार दिवसांवर आली होती. हे सगळं फाइलमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलं होतं. आणि मी फाइलवर शेरा मारला, खुलासा हवा. चिकटपट्टी नसताना खोका प्रवासात कसा टिकतो, याचा पुरावा द्यावा. सरांना हा प्रश्न अगदी योग्य वाटला. तिने खोक्याचे फोटो पाठवले, तर मी विचारलं, दिवे कारखान्यातून येताना प्लॅस्टिकमध्ये येतात का. तिने लिहिलं, पेंढ्यात येतात. मी पेंढ्याचा फोटो मागितला. खोका टिकतो हे मला माहीत होतं, पप्पा. गाळ्यात परदेशी पाहुणे आले तेव्हा तुम्ही असाच बांधलेला खोका पोटमाळ्यावरून खाली टाकला होता आणि आतला दिवा काढून पेटवून दाखवला होता, हे तुम्ही जेवताना आम्हाला तीनदा सांगितलंत. मी कायद्याच्या आड बसून तिला रडवत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

तारीख उलटली. फ्रान्सच्या वेबसाइटने तिचे दिवे काढून टाकले, आणि तेही नाताळाच्या तोंडावर, जेव्हा दिवे खपतात. सरांनी विचारलं, "ये फाइल इतने दिन से क्यूँ अटकी है?" मी म्हटलं, पार्टीकडून उत्तर यायचंय. दुसऱ्या दिवशी दुपारी पार्टी स्वतःच जिना चढून आली. केस पांढरे झालेत तिचे. काखेत पुठ्ठ्याचे सपाट ताव, पिशवीत दिवा. मला बघून दारातच थांबली.

"बाय, तू काकांची पोर हायस ना? नाक त्यांचंच हाय."

मी हो म्हटलं आणि बसायला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसलीच नाही. माझ्या टेबलावरची कागदपत्रं हाताने बाजूला सारली, पुठ्ठा पसरला आणि पिशवीतून चमचा काढला.

"तू ईचारलंस ना, टेप कुठं हाय. काकांनी मला टेपला हातच लावू दिला न्हाय. म्हनायचे, टेप मिळाली की हात आळशी होतो." ती रेघा ओढत होती, पुठ्ठा मुकाट मोडत होता. "चार बाया हायत माझ्याकडं, तारोडीच्याच. सगळ्यांना ह्येच शिकवलंय. आता बसल्यात आठ दिवस घरी. तुझा दोष न्हाय बाय, कायदाच तसला हाय."

तिने दिवा कॉलरमध्ये बसवला, कान खोचले, खोका उचलून डोक्याच्या वर धरला आणि सोडून दिला. सर केबिनमधून धावत आले. तिने खोका उघडून दिवा त्यांच्या हातात दिला. सर म्हणाले, "कमाल है," आणि मग माझ्याकडे बघून, "आज ही भेज दो."

मी फॉर्म भरत होते तेव्हा ती आमचा एसी बघत होती. म्हणाली, "काका दिवसभर तुझंच बोलायचे. पोर हापिसात बसंल, पंख्याखाली बसंल, चार लोक तिला ईचारून काम करतील. आज असते तर बघायला मिळालं असतं त्यांना." तिला वाटलं, हे ऐकून मला भरून येईल. भरून नाही आलं, तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याबद्दलचं तुमचं सगळं बोलणं तिच्याकडे आहे, पप्पा. दिवसाचे आठ तास, वर्षानुवर्षं. माझ्या वाट्याला आलं ते "पुस्तक कुठंय". माझं कौतुकसुद्धा तुम्ही तिच्यापाशी ठेवून गेलात, आणि ते मला तिच्या तोंडून ऐकावं लागलं.

फाइल गेली, नंबर आला. नाताळाच्या हंगामाचे पहिले दोन आठवडे तिचे बुडाले ते बुडालेच. त्यानंतरच्या रविवारी मी तिचा तो पहिला नमुना घरी आणला. खरं तर तोलून झाल्यावर नमुने भंगारवाल्याला जातात. स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसले आणि त्याच घड्यांवरून तो पुन्हा उभा करायला लागले. तीन देशांचे नियम मला पाठ आहेत, फ्रान्सला खोक्यावर कचऱ्याची कुठली खूण लागते ते मी झोपेतही सांगेन, आणि मला ती कॉलर उभी करता येईना. एक कान खोचला की दुसरा उसळायचा. आई भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "तुला कुठे शिकवलं होतं त्यांनी?" तिने सहज विचारलं, पण मी उठून खोका पायाने चेपून टाकला. मग तिने मी फरशीवर ठेवलेला चमचा उचलला, धुतला, पदराला पुसून खिडकीच्या उजेडात धरला. "हा कुठे होता गं? नाव पार झिजून गेलंय." मी म्हटलं, ऑफिसात सापडला. तिने पुढे काही विचारलं नाही, बाकीच्या पाचांत तो उभा करून ठेवला, आणि आता रोज त्यानेच चहात साखर घालते.

त्या दुपारी ती जिना उतरत होती तेव्हाच पुठ्ठ्याच्या तुकड्यांखाली मला चमचा दिसला होता. खिडकीतून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. मी ड्रॉवर उघडला आणि आत टाकला. हे पत्र कुठल्या पाकिटात घालायचं नाहीये म्हणून एवढं तरी लिहिता येतंय. तुम्ही असतात तर मला दोन शब्द सुनावले असतेत, आणि चमचा घेऊन स्वतः तारोडीला गेला असतात, हेही मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता. म्हणाली, "बाय, तुझ्या टेबलावर माझा चमचा ऱ्हायलाय का बघ ना. काकांची तेवढी एकच वस्तू हाय माझ्याकडं." मी ड्रॉवर उघडला, बघितलं, बंद केला, आणि म्हटलं, इथे नाहीये.