नळीतली झोप

प्रिय बुटके,

बाबा बरे आहेत, हे आधी सांगते, नाहीतर तुझं पुढच्या मजकुरात लक्ष लागणार नाही. जेवण व्यवस्थित आहे. मला मात्र ते हल्ली आई म्हणतात आणि क्षणभर पाठ सोडत नाहीत. मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेर उभे. रात्री पुन्हा पुन्हा उठून, "पहिली बस काढायचीय," म्हणत बूट चढवतात. नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण ते त्यांच्या गावीही नाही. म्हणून घराला कुलूप लावून किल्ली मी गळ्यात अडकवते.

गेल्या आठवड्यात त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच तपासायला बोलावलं. आजाऱ्याची उस्तवार करणाऱ्यांचा त्या अभ्यास करताहेत. मेंदूत दिवसभर कचरा साठतो म्हणे, आणि गाढ झोपेत रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने पाणी फिरून तो धुऊन नेतं. ते पाणी किती फिरतं, हे आता एमआरआयच्या चित्रांवरून मोजायला बघतात. म्हटलं, मोजा बाई. शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवलं आणि गेले.

त्या अरुंद नळीत डोकं जखडून ठेवतात आणि वरून ठणठणाट. जीव गुदमरला तर दाबायला हातात रबरी फुगा देतात. मला तर अगं, आत सरकवताच झोप लागली! यंत्र चालवणाऱ्या मुलीने पायाला हात लावून उठवलं, तर मी म्हटलं, "थोडा वेळ राहू दे ना आत." ती हसली. मग माझा चेहरा बघून तिने हात देऊन मला बसतं केलं.

काल बाईंनी चित्रं दाखवली. माझ्या वयाच्या इतरांपेक्षा माझ्या मेंदूतलं पाणी बरंच संथ आहे. "एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही झोपायला हवं." मी विचारलं, "कुठे?"

तू दर फोनला विचारतेस, "ताई, मी काही करू का?" आणि मी नको म्हणते. आज मात्र मी विचारत नाही, कळवते आहे. तुझी मागची खोली रिकामी कर. रविवारी बाबांना घेऊन येते. दोन महिने ते तुझ्याकडे राहतील. दार उघडलंस की माझी विचारपूस करू नकोस. आधी त्यांचा हात माझ्या हातातून घे.

तुझीच,
ताई