हरवलेली पॅकेटं : शून्य

२ मार्च १९९८
ऑफिसात इंटरनेटवरून फोन करायचं यंत्र आलं. इथे बेंगळुरात बोललेल्याचे तुकडे होतात, अमेरिकेच्या ऑफिसात पोचून पुन्हा जोडले जातात. तुकड्याला पॅकेट म्हणायचं. किती गेली, किती हरवली, स्क्रीनवर आकडे दिसतात. ते बघायचं काम माझं. जूनमध्ये नेटवर्क इनचार्ज नेमणार. दुसरा आहे कोण! उल्काला सांगितलं. ती म्हणाली, घरात मी बोलते त्यातलं किती हरवतं तेही मोजा.

५ मार्च
हरवलेल्यांचा आकडा भराभर चढतो. बरं दिसत नाही. 'क्लिअर' नावाची कमांड सापडली. सुब्बारावसाहेबांच्या राउंडआधी मारली. शून्य! साहेब कानडीत म्हणाले, सरी, मग इंग्रजीत, व्हेरी गुड. आता रोज मारणार. पाहुणे यायच्या आधी केर काढतोच की आपण.

१७ मार्च
रक्षिता नावाची नवी इंजिनिअर आली आहे. म्हणे, सर, रोज पुसलंत तर बिघाड कळणार कसा? म्हटलं, अम्मा, चामराजपेटेत चार पिढ्या झाल्या आमच्या, स्वच्छता आम्हाला शिकवू नका. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

२ एप्रिल
अमेरिकेची तक्रार. आवाज विहिरीतून येतो, मधले शब्द गायब. स्क्रीनवर तर शून्य. म्हणजे यंत्र निर्दोष. मग उरला फोनवर बसणारा सुनीलकुमार. त्याच्या घशातच दोष. साहेबांच्या कानावर घातलं. स्वल्पच.

९ एप्रिल
सुनीलकुमारची बोम्मसंद्र्याच्या गोदामावर बदली. राहतो येलहंक्याला, म्हणजे गावाच्या या टोकाहून त्या टोकाला. बायकोचे दिवस भरत आलेत. रडत विचारत होता, अण्णा, माझ्या आवाजात काय खोट आहे? शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला. बदलीचा गुण लगेच दिसतो.

४ मे
त्याच्या जागी शिल्पाश्री. तक्रारी त्याच. हिचाही घसा! बेंगळूरची हवा बिघडली, दुसरं काय.

१ जून
साहेबांनी तीन महिन्यांचा रिपोर्ट मागितला. रोज सकाळचे आकडे दिले. शून्य, शून्य, शून्य. टाइप करताना ऊर भरून आला. उल्काला म्हटलं, म्हैसूरपाक आणून ठेव. म्हणाली, आधी ऑर्डर आणा.

८ जून
ऑर्डर आली. साहेब म्हणाले, काहीच हरवत नाही तर बघायला माणूस कशाला? माझी पोस्ट रद्द. इनचार्ज रक्षिता. अमेरिकेत नेमकं काय ऐकू येतं ते तिने म्हणे टेपच करून मागवलं आणि साहेबांना ऐकवलं. टेप वाजवायच्या आधी क्लिअर करायला हवी होती. कोणी सुचवलं नाही.
माझी बोम्मसंद्र्याला बदली. निष्कलंक माणसाची तिथे गरज असणार.

१५ जून
गोदाम. आत किती खोकी आली, बाहेर किती गेली, ते मोजायचं. चार कमी भरली. म्हटलं, उद्यापासून नव्याने सुरू करू. इथला सुपरवायझर म्हणाला, पुसायचं नाही, अण्णा. रोजची तूट कालच्या तुटीत मिळवायची. सुपरवायझर सुनीलकुमार. मुलगी झाली त्याला. पेढा दिलान.

१६ जून
तूट वाढली. सुब्बारावसाहेबांना फोन लावला. शिल्पाश्रीने घेतला. तीनदा नाव सांगितलं. म्हणाली, कोण बोलतंय, आवाजच येत नाही. आणि ठेवला.
माझा घसा ठणठणीत आहे.