खिडकीजवळची खाट

१२ एप्रिल, ऊर्जानगर
धानोऱ्याहून पावती आली, मार्चमध्ये आमच्या जुन्या वसतिगृहाला दिलेल्या देणगीची. देणगीदार: वनी मेश्राम. पत्ता: खोली नं. ३, खिडकीजवळची खाट. पॅनची जागा कोरी. अक्षर वसतिगृह सांभाळणाऱ्या शेवंताबाईंचं, आता थरथरते. लग्न होऊन रामटेके झाली, प्लांटमध्ये शिफ्ट सांभाळून राह्यली, अन् बाईंसाठी मी अजून तिथीच! हसली. रडलीपण.

१५ एप्रिल
देणगीवर टॅक्सची सूट मिळते, म्हणून पावती घेऊन सीएकडे. "मॅडम, खाटेवर सूट मिळत नाही." अन् हसला. राग आला. हसण्यासारखं काय आहे त्यात? पण बरोबर त्याचंच. नाव पॅनकार्डावरचं पाहिजे, नंबर पाहिजे, अन् संस्थेनं मेअखेर तसंच ऑनलाइन भरलं पाहिजे. नाई तर सूट गेली. म्हणजे गाद्याही गेल्या. टॅक्स वाचला की पोरींले गाद्या, असं बाईंना कबूल करून बसली आहे मी.

१६ एप्रिल
फोन केला. "जयभीम बाई, ती पावती..."
"चुकलं का वं माह्यं?"
घाईघाईनं चूक नाई, फक्त नाव, म्हटलं.
"तू त घरची. घरच्या पोरीले पत्ता इचारतेत का?"
नवी देतो म्हणाल्या, पण जुनी आणून दे. रद्द मारून पुस्तकात चिकटवावी लागते, ऑडिटर पाहतो.
जुनी परत द्यायची! हे डोक्यातच नव्हतं.

२० एप्रिल
नवरा सुधाकर म्हणे, "फोटो काढून ठेव ना." काढला. त्याला काय सांगू... बाबा गेले, आई मला तिथी ठेवून मजुरीला गेली. बाईंनी ती खाट दिली. "इथून रस्ता दिसते. माय आली त तुलेच पयले दिसन." तिच्यावरच दहावी झाली माझी. एवढं केलं बाईंनी, अन् कागदावर कुठीच नाई. या पावतीवर सोडून.

३ मे
बाईंचा फोन. "नवी लिहून ठेवली. कवा येतेस?"
येते, म्हटलं. आवाजावरून ओळखलं त्यांनी, जुनी द्यायला जीव होत नाई माझा.
"पावती रद्द होते वं, खाट नाई होत. सहावीतली पोरगी झोपते आता तिच्यावर. तीबी रस्ताच पाहत राह्यते. तिले गादी पाह्यजे."


९ मे
उद्या सुट्टी. आधी गडचिरोली, मग धानोऱ्याची गाडी. पावती पर्समध्ये ठेवली. काढली. पोळ्या झाल्यावर परत ठेवली. रद्द तुम्हीच मारा, म्हणीन बाईंना. माझा हात नाई उठणार.