पुस्तकात नसलेली गाय

आत्या,

प्रयोगशाळेत लवकर जावं लागतंय. जेवण झाकून ठेवलंय. गोळी घे, "विसरले गं" चालणार नाही.

काल तू वाचत होतीस आणि मी डोळे मिटून ऐकत पडले होते. तो जखमी शिपाई नर्सला म्हणतो, "ताई, खिडकी उघडी ठेवा, बाहेर आमची गाय आलीय." वाऱ्याने आपटू नये म्हणून ती त्याला झोप लागेपर्यंत खिडकी धरून उभी राहते. मला स्वप्नातही ती गाय दिसली, धुक्यात, शांत उभी.

सकाळी ते पान पुन्हा वाचावं म्हणून पुस्तक दोनदा चाळलं. त्यात खिडकी नाही. गायही नाही.

लष्करी इस्पितळातल्या तुझ्या नोकरीबद्दल तू आजवर चकार शब्द काढला नाहीस. युद्धावरची पुस्तकं वर्षभर वाचायची, आधी थांबेल तिने भांडी घासायची, ही पैज मात्र तूच लावलीस. कादंबऱ्या आणि आठवणी, दोन्ही चालतील, हेही तुझंच.

पुस्तक आज वाचनालयात परत द्यायचं होतं. मी नेलं नाही, तुझ्या खुर्चीवर ठेवलंय. संध्याकाळी ते हातात धर आणि गायीपासून पुढे वाच. मी पानात डोकावणार नाही.

तुझी ठकी