शिक्का बसलेली सफरचंदं

तीर्थस्वरूप मामा,

वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकले आहे, उरलेला भेटीत करीन.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचं ऐकून मफलर गुंडाळता ना? फळांचं दुकान छान चाललं असेलच. इकडे आम्ही मजेत, म्हणजे मी मजेत आणि बाकीचे माझ्यामुळे हैराण.

कारण, आमच्या वाचनालयातली मुलांची खोली. ती माझ्याकडे आल्यापासून जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांचा तिच्यावर डोळा आहे. ग्रंथपालांनी परवा स्पष्टच सांगितलं, "शनिवारी चटईभर मुलं जमली तर खोली तुमची, नाहीतर गठ्ठ्यांची." मामा, त्या खोलीवर माझा फार जीव आहे. मी लगेच दारावर पाटी लावली: छोट्यांसाठी सफरचंदाची गोष्ट, शेवटी प्रत्येकाला एकेक फोड. (गोष्ट अजून सुचायची होती, पण पाटी झकास झाली.)

गोष्ट लिहून आधी आमच्या चिमणीला ऐकवली (वय पाच, स्वभाव वकिलाचा). झाडावरून उतरायला घाबरणारं एक सफरचंद शेवटी धीर करून खाली उडी मारतं, अशी ती गोष्ट. चिमणीनं विचारलं, मग त्याला कोण खातं? मी खरं ते सांगितलं. तिनं असं भोकाड पसरलं की शेजारच्या शिंपीणबाई गळ्यातल्या टेपसकट धावत आल्या. मग शेवट बदलून सफरचंद झाडावरच ठेवलं, तर म्हणाली, सडेल ना! आता माझं सफरचंद स्वतःच्या मर्जीनं, हसतखेळत एका मुलीच्या डब्यात जाऊन बसतं. पुढचं मी मोघम ठेवलंय.

मग सफरचंदं आणली (तुमच्याकडून नाही, रागावू नका, घाई होती) आणि पिशवी क्षणभर काउंटरवर ठेवून चटई झटकायला गेले. तिथेच घात झाला. आमचे नोंदणीचे कारकून, ज्यांना सगळे शिक्केबुवा म्हणतात, काउंटरवर आलेली वस्तू शिक्का मारल्याशिवाय आत सोडत नाहीत. मी येऊन बघते तो प्रत्येक सफरचंदाच्या गालावर जांभळा गोल शिक्का! नोंदही करून टाकली होती. लेखकाच्या रकान्यात त्यांनी 'झाड' असं लिहिलं होतं.

ग्रंथपाल म्हणाले, ही आता वाचनालयाची मालमत्ता. कापली तर नुकसान, रद्द करायची तर समितीची मंजुरी, आणि समिती बसणार पुढच्या महिन्यात. सफरचंदं संदर्भग्रंथांच्या कपाटात कुलूपबंद झाली आणि मला सगळ्यांसमोर रडू कोसळलं. ग्रंथपालांनी चष्मा पुसून नियमांचं पुस्तक उघडलं. मग म्हणाले, "खराब झालेली प्रत मात्र मी माझ्या अधिकारात रद्द करू शकतो." त्यांनी कपाट उघडलं, एका सफरचंदाची शिक्क्यापुरती साल काढली, गंभीर चेहऱ्यानं चावा घेतला आणि जाहीर केलं, "ही प्रत खराब आहे." एवढ्यावर न थांबता, बालवाडीतून येऊन बसलेल्या चिमणीशेजारी मांडी घालून त्यांनी अख्खी गोष्ट ऐकली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची लाडकी (असा माझा समज आहे),
भाची

ता. क. प्रतींची तपासणी फारच मन लावून झाली. शिक्केबुवांनीही हातभार लावला. कपाटात आता एकही सफरचंद उरलेलं नाही. तेव्हा शनिवारी सकाळी एक करंडी घेऊन याल का? मागच्या खिडकीतून आत द्या, काउंटरकडे फिरकू नका.

आणखी एक ता. क. चिमणीनं बालवाडीत गवगवा केल्यामुळे सगळा वर्ग येतोय. चटई पुरणार नाही, खोली वाचली! फक्त गोष्ट ऐकायला कुणीच येत नाहीये. सगळ्यांना ग्रंथपाल सफरचंद 'रद्द' करताना बघायचे आहेत. मला वाईट वाटलं नाही (वाटलं, थोडं). पण गोष्ट मी सांगणारच. तोंडात घास असेपर्यंत मुलं जागची हलत नाहीत, म्हणून सफरचंदं जरा मोठी निवडा.