एल्वुडच्या बंदुकीतला शेवटचा बार

टॅमरॅक गॅप, पेनसिल्व्हेनिया
डिसेंबरचा तिसरा रविवार

तीर्थस्वरूप लुएला वन्सं यांस,

वर्नाचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? ओहायोत थंडी आमच्यापेक्षा कमी असते असं तुम्ही म्हणत होता, तेव्हा ते बरेच असतील असं धरून चालते. माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे गुरुवारपर्यंत ठीक होती. आता जेवते, झोपते, पण मध्येच हातातला कप ठेवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभी राहते. नऊ वर्षांनी माझं पत्र बघून तुम्हालाही धक्का बसला असेल. एवढी वर्षं का लिहिलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही, पण तो विषय शेवटी काढीन. आधी मला बसलेले धक्के ऐका, ते ताजे आहेत.

एल्वुड जाऊन येत्या जानेवारीत वर्ष होईल. त्याची ठासणीची बंदूक अजून स्वयंपाकघराच्या दारावर, दोन खुंट्यांवर आहे. आमच्या शिकारी मंडळाचा नियम तुम्हाला आठवत असेल: माणूस गेला आणि नाताळानंतरच्या ठासणीच्या मोसमात घरातल्या कुणीच त्याची बंदूक उचलली नाही, तर ती मंडळाच्या दिवाणखान्यात भिंतीवर जाते, खाली पितळी पाटी. मानाचीच गोष्ट आहे म्हणा. पण ती भिंत तुम्ही पाहिली आहे का? वर पेंढा भरलेला बीव्हर आहे, त्याचा एक डोळा पडलाय, आणि खाली लोक ओले मोजे वाळत घालतात. एल्वुडच्या बंदुकीवर कुणाचे मोजे वाळणार हे मला सहन होईना. म्हणून मी ऑक्टोबरात हरणाचा परवाना काढला आणि मंडळाला कळवलं की बंदूक मी उचलणार. क्लेटन भावोजी (तेच भिंतीचे प्रमुख आहेत) म्हणाले, "वहिनी, उचलायची म्हणजे नुसती पुसायची नाही. पन्नास पावलांवरून कागदी थाळीत तीन गोळ्या बसल्या पाहिजेत." दिवस ठरला काल शनिवारचा. तीन लागल्या तर बंदूक माझ्या दारावर, नाहीतर बीव्हरखाली.

नेम मला बरा आहे, परसातली भाजी खाणारे वुडचक कोण मारायचं ते तुम्ही जाणता. प्रश्न होता बाराचा. नळीत दारू किती ओतायची? जास्त झाली की गोळी भरकटते, कमी झाली की हरीण नुसतं जखमी होऊन दरीत जाऊन मरतं, आणि ते पाप मला नको होतं. एल्वुडचं शिंगाचं माप शेवटच्या दिवशी डोंगरावर कुठेतरी पडलं, ते सापडलं नाही. मग मी वाचनालयातली बंदुकीवरची चारही पुस्तकं आणली. (चौथं पुस्तक माझ्याआधी एकोणीस वर्षं कुणी नेलं नव्हतं. शेवटचं नाव एल्वुडचं होतं. मी ते पान जरा जास्त वेळ उघडं ठेवलं.) पहिलं म्हणतं पन्नास ग्रेन दारूपासून चढत जा. दुसरं म्हणतं नव्वदच्या खाली हरणाचा अपमान होतो. तिसरं म्हणतं तळहातावर गोळी ठेवा आणि ती झाकेपर्यंत दारू ओता, पण तळहात कुणाचा ते सांगत नाही. माझ्या तळहातावर गोळी झाकायला जितकी लागते, तितकी क्लेटन भावोजींच्या पंजावर ओतली तर गोळीला पायमोजासुद्धा होणार नाही. चौथं तेवढं शहाणं निघालं. ते म्हणतं, बर्फावर बार काढा, समोर काळे न जळलेले दाणे पडले तर समजा की तुम्ही दारू जाळत नाही, पेरताय.

पुस्तकांवर भागेना म्हणून माणसांना विचारलं. क्लेटन भावोजी म्हणाले, एकशे दहा, एल्वुडनं स्वतः सांगितलंय, तीस वर्षं मीही तेवढीच घालतो. म्हातारे बंदूकवाले डब्स म्हणाले, मला तो नव्वद म्हणाला होता, पण म्हणताना छताकडे बघत होता. आणि मला काय म्हणाला होता? एकदा मटार सोलताना मी विचारलं होतं, किती घालतोस रे? म्हणाला, "पुरेशी." चाळीस वर्षांच्या संसारात मला मिळालेला आकडा हा.

गुरुवारी सकाळी क्लेटन भावोजी मला शिकवायला आले. परसात लाकूड फोडायच्या ठोकळ्याशी उभे राहिले, आपलं पितळी माप एकशे दहावर लावलं आणि मला बोलू न देता दारू नळीत ओतली, चिंधीत गोळी ठेवली, गज घालून ठासली. शिकवणं म्हणजे मी बघायचं असं त्यांचं मत आहे. गज आत गेला आणि थांबला. वन्सं, त्या गजावर एल्वुडनं दोन खुणा कोरल्यात, एक रिकाम्या नळीची आणि एक भरल्या नळीची. भरल्याची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी होती. ती तोंडाच्या वर चांगली चार बोटं उभी होती.

मी म्हणाले, भावोजी, गज वर राहिलाय.

"दमटपणानं फुगलाय."

फुगला तर जाड होईल, लांब कसा होईल?

"वहिनी, बंदुकीला पुस्तकं वाचता येत नाहीत. आणा ती रंजकेची डबी."

मी डबी मागे धरली; बंदुकीच्या कानात ती चिमूटभर बारीक दारू पडल्याशिवाय ठिणगी आत पोचत नाही. आणि तेव्हा मला आठवलं. शेवटच्या शनिवारी एल्वुड डोंगरावरून उतरला तेव्हा एकही बार काढलेला नव्हता. बंदूक खुंटीवर ठेवली आणि म्हणाला, आतला बार रिकामा करायचाय, उद्या उडवीन. उद्या रविवार, रविवारी तो बार काढत नसे. सोमवारी ताप चढला. पुढच्या रविवारी तो नव्हता.

म्हणजे आत दोन बार होते. खाली एल्वुडचा, वर क्लेटन भावोजींचा. ठिणगी पडली असती तर नळी केळं सोलल्यासारखी उघडली असती आणि आम्हा दोघांच्या नावाच्या पाट्या करायची वेळ आली असती. भावोजींना हे कळायला अंमळ वेळ लागला. मग ते ठोकळ्यावर बसले आणि टोपी काढून तिच्यात बघत राहिले.

माझा धक्का निराळा होता. अकरा महिने मी ती बंदूक दर शुक्रवारी पुसत होते. नळीच्या तोंडात बोटाला फडकं गुंडाळून. एल्वुडच्या क्रियाकर्माच्या जेवणाला पाद्रीबुवांनी ती खाली काढून माझ्या भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरला होता, आणि चाप ओढून "ठो" असं तोंडानं म्हणाले होते! (कानात रंजक नाही म्हणजे कायद्यानं बंदूक रिकामी, असं डब्स नंतर सांगत होते. कायद्यानं असेल. माझ्या स्वयंपाकघरात ती भरलेली होती.)

डब्सना बोलावलं. ऐंशीचे आहेत, पण आधी चकमकीचा दगड काढून खिशात टाकला, कानाच्या भोकात दात कोरायची काडी खोचली, मग गजाला मळसूत्र लावून वरची गोळी अशी ओढली की पाळण्यातलं मूल उचलावं. भावोजींचे एकशे दहा ग्रेन बर्फावर सांडले. मग डब्स थांबले आणि त्यांनी मला विचारलं, खालचा तुझ्या नवऱ्याचा आहे, वर्ना. उडवायचा का ओढायचा? उडवला तर आवाज ऐकशील, ओढला तर आकडा कळेल.

मी घरात जाऊन चहाची बशी घेऊन आले. मग म्हणाले, ओढा. आवाज मी चाळीस वर्षं ऐकलाय.

गोळी आली, चिंधीसकट. मग डब्सनी नळी उलटी धरली, थापट्या मारल्या आणि दारू माझ्या चहाच्या बशीत पडली, कोरडी, चकचकीत, काल ओतल्यासारखी. ती मापात भरली. एकदा भरली, पुन्हा भरली. साठ.

साठ, वन्सं! आख्ख्या खोऱ्यात दरवर्षी हरीण आणणाऱ्या माणसाचा बार साठ ग्रेनांचा.

"साठ म्हणजे खारीचा बार," क्लेटन भावोजी म्हणाले. "मला म्हणाला होता एकशे दहा. तीस वर्षं... माझा खांदा बघा."

डब्स बशीकडे बघत म्हणाले, "क्लेटन, तू बसतोस कुठे?"

"खाली ओढ्यापाशी. एल्वुडनंच दाखवलेली जागा."

"आणि तुझा बार झाला की हरणं पळतात कुठे?"

आम्ही तिघांनीही वर डोंगराकडे बघितलं. माझ्या परसातून तो डोंगर दिसतोच. ओढ्यापाशी तोफेसारखा आवाज झाला की हरणं चढून खिंडीतून पलीकडे उतरतात, आणि पलीकडे खडकाला टेकून तीस वर्षं एल्वुड बसायचा, खारीचा बार भरून. भावोजींना त्या तीस वर्षांत एकूण दोन हरणं मिळाली, त्यातलं एक लंगडं होतं. मी माझ्या नवऱ्याला ओळखत होते असं मला गुरुवारी दहा वाजेपर्यंत वाटत होतं. रागवावं म्हटलं तर समोर तो नाही, आणि हसू आलं ते समोर भावोजी होते म्हणून गिळलं. ते टोपी घालून, निरोप न घेता, गेटातून निघून गेले.

काल शनिवारी सगळं मंडळ जमलं होतं. पहिल्या दोन गोळ्या साठ ग्रेनांनी, दोन्ही थाळीत. बर्फावर एक काळा दाणा नाही. तिसऱ्यासाठी मी एल्वुडची दारू मोहरीच्या बरणीतून आणली होती, आणि त्याचीच गोळी. डब्स म्हणाले, तिला मळसूत्राचं भोक पडलंय, वाकडी जाईल. मी म्हणाले, एल्वुडही वाकडाच जायचा, पण पोचायचा. तर ती गोळी मी चिंधीत ठेवली, नीट ठासली, रंजक घातली, नेम धरला, चाप ओढला. कानात फुस्स झालं आणि काहीच नाही. मोहरीची बरणी माझ्या खिशात होती. भरलेली.

दारू न घालता गोळी ठासली! मंडळ इतकं हसलं की कुत्री भुंकायला लागली. हे प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी झालंय, म्हणूनच इतकं हसतात. नियमानं ती चूक धरत नाहीत, पण मोसमाच्या पहिल्या दिवशीच्या न्याहारीचे डोनट तळायचे माझ्याकडे आले. डब्सनी कानातून चिमूटभर रंजक आत सारली, बार काढला, आणि एल्वुडची गोळी दहा पावलांवर बर्फात पडली, जांभई दिल्यासारखी. भोक तेवढं दिसलं, गोळी नाही.

तेव्हा गुरुवारपासून कुणाशी न बोललेले क्लेटन भावोजी पुढे आले, हातमोजे काढले आणि गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी बर्फ चाळायला लागले. बराच वेळ. बोटं बीटासारखी लाल झाली. गोळी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "आधी दारू, वहिनी."

या वेळी आधी दारू घातली. गोळी थाळीच्या अगदी काठाला लागली, काठ फाटून लोंबायला लागला. आत की बाहेर यावर दोन तट पडले. भावोजी थाळी घेऊन आले, उजेडात धरली आणि म्हणाले, थाळी फाटली म्हणजे थाळीला लागली, आता कॉफी प्या. बंदूक परत माझ्या दारावर आहे. रिकामी. गज घालून कालपासून तीनदा बघितलं.

मुलांना आशीर्वाद, तुमच्या ह्यांना नमस्कार.

तुमची भावजय,
वर्ना होक

ता. क. आता तो विषय. सासूबाईंच्या पिसांच्या उशांचे निळ्या पट्ट्यांचे दोन अभ्रे त्यांच्या क्रियाकर्मानंतर नाहीसे झाले, आणि ते तुम्ही ओहायोला नेलेत असं मी चर्चमधल्या सगळ्या बायकांना सांगितलं. गोळीबरोबर नळीतून जी चिंधी आली ती निळ्या पट्ट्यांची होती. मग मी एल्वुडची शिकारीची पिशवी उलटी केली. तशा एकेचाळीस गोल चिंध्या निघाल्या, आणि एका तुकड्यावर सासूबाईंनी लाल दोऱ्यानं काढलेलं अक्षर. नऊ वर्षं मी दोन उशांसाठी तुमच्याशी अबोला धरला, आणि तो माणूस त्या उशा हरणांवर झाडत माझ्यासमोर बसून सूप पीत होता. मला क्षमा करा. बायकांनाही सांगितलं, आज प्रार्थनेनंतर, उभी राहून.

ता. क. २. एक काम आहे. क्लेटन भावोजी आता साठ घालणार म्हणतात. घालोत, पण रोज संध्याकाळी ते ओसरीवर बसून त्या डोंगराकडे बघतात, आणि सख्ख्या भावानं तीस वर्षं फसवलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत नाही. ते कुणाचं ऐकत नाहीत, पण थोरल्या बहिणीचं ऐकतात. त्यांना लिहा की एल्वुडनं मागच्या हिवाळ्यात तुम्हाला कळवलं होतं, खांदा दुखतो म्हणून यंदा साठवर आलोय, एरवी एकशे दहाच. पत्र चोवीस तारखेच्या आत पोचावं. सव्वीसला मोसम सुरू होतो.

ता. क. ३. सव्वीसला मी पलीकडच्या खडकापाशी बसणार आहे. हरीण मिळालं तर मागची तंगडी तुमची. आज चर्चच्या पायरीवर पाद्रीबुवांनी विचारलं, वर्ना, तू किती घालतेस? मी म्हणाले, पुरेशी.