अश्लेषाचा डबा

॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
१२ जानेवारी २०२५

सौ. विहीणबाई सिंधूताई यांस,
जिजाबाईचा सा. न. वि. वि.

मागच्या खेपेला फोनवर आपलं जे झालं ते झालं. अश्लेषा म्हणते, तुम्ही दोघी फोनवर एकमेकींचं ऐकूनच घेत नाही. लिहा, म्हणजे निदान वाक्य तरी पुरं होईल. लेकीचा हुकूम म्हणून लिहायला बसले आहे. आमचा गिरिधर कामासाठी रोज गांधीबागेत येतोच, तो पत्र तुमच्या दुकानात देत जाईल.

त्यानंच काल बहिणीची बातमी आणली. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी अश्लेषाचं रक्त फार कमी आहे म्हणून सांगितलं. सहावा महिना लागला पोरीला, आणि रक्त कमी? आमची सावजीची खानावळ. रोज दोन पातेली मटण ज्या घरात शिजतं त्या घरची लेक ती. लग्नात तुम्ही अट घातली की आमच्या घरी यायचं तर मांस-मच्छी सोडून यायचं. ती हो म्हणाली, मीही तोंडाला कुलूप लावलं. पण आता पोटात दुसरा जीव आहे. माणसाला मटण लागतंच हो. नुसत्या पाल्यावर भागलं असतं तर देवानं सुळे कशाला दिले असते?

तेव्हा आठवड्यातून तीनदा मी पायाचा रस्सा आणि मटणाचा डबा पाठवणार. नाही म्हणू नका. मी आई आहे तिची.

रागवायचं तर रागवा, पण माया कमी करू नका.

आपली,
जिजाबाई

॥ श्री ॥

गांधीबाग
१४ जानेवारी

सौ. जिजाबाई यांना,
सिंधूताईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आज संक्रांत. सोबत तिळगूळ पाठवला आहे, आणि गोड बोलायचा दिवस म्हणूनच जपून लिहिते आहे.

आमच्या स्वयंपाकघराला लागून देवघर आहे. या घरात अंड्याचं टरफलही कधी आलं नाही, आणि तुम्ही पायाचा रस्सा म्हणता! माझ्या सासूबाई वरण-भातावर नव्वदी ओलांडून गेल्या, शेवटपर्यंत जिना चढत होत्या. सुळ्यांचं म्हणाल तर ते माकडालाही असतात. हत्तीनं कधी कोंबडी मागितल्याचं मी ऐकलं नाही. माणसाला मटण लागतं असं नाही, जिजाबाई. त्याला ते आवडतं, एवढंच.

हे सगळं तावातावानं जितेंद्रला ऐकवलं. त्यानं बायकोच्या तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. तो चष्मा लावून वाचला. उद्या काही बरंवाईट झालं तर देवाला काय सांगू, की मी अट पाळली?

आमच्या यांना विचारलं. मनोहरराव कधी कशात पडत नाहीत, पण या वेळी छताकडे पाहत म्हणाले की लेकराचा प्रश्न आहे, सूनबाईनं खाली दुकानामागच्या गोदामात बसून खावं, वरच्या देवाला थोडंच दिसणार आहे. मला त्यांच्या समजूतदारपणाचं नवल वाटलं.

तर पाठवा. डबा वर आणायचा नाही, आमच्या भांड्यांत मिसळायचा नाही, खाऊन अंघोळ करूनच तिनं वर यायचं. हे लिहिताना माझ्या डोळ्यांना धार लागली आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

तिळगूळ घ्या आणि बोलण्याची धार जरा कमी करा. लोभ होता तसाच आहे.

आपली,
सिंधूताई

॥ श्री ॥

तांडापेठ
१० फेब्रुवारी

सौ. सिंधूताई यांना,
सा. न.

तुम्ही माझ्या लेकीसाठी देवाशी वैर घेतलंत, हे मी जन्मात विसरणार नाही. त्या दिवशी तुमचं पत्र वाचून मी रडले, आणि आमचे हे विचारत बसले की कांदा चिरला कोणी.

डबा कसा परत येतो म्हणून सांगू! चाटूनपुसून लख्ख. घासायची गरज नाही, नुसता विसळला की झालं. हाडसुद्धा चोखून कोरडं केलेलं. परवा तर दुकानातून गिरिधरजवळ निरोप आला की तर्री जरा वाढवा. लहानपणी हीच पोरगी तर्री पाहिली की नाक मुरडायची. दिवस गेले की जिभेची चव पालटते म्हणतात ते खोटं नाही. मला तर वाटते, आतला पाहुणा आजोळवर गेला आहे.

आता बघा पुढच्या तपासणीत रक्त कसं उसळी मारते ते. तेव्हा मला एक पत्र टाका आणि त्यात फक्त लिहा, जिजाबाई, तुम्ही जिंकलात. मी ते खानावळीत फ्रेम करून लावीन. (थट्टा करते आहे, खरं मानू नका.)

व्याही मनोहररावांना नमस्कार सांगा. मोठा देवमाणूस.

अशीच आपुलकी राहू द्या.

आपली,
जिजाबाई

॥ श्री ॥

गांधीबाग
४ मार्च

सौ. जिजाबाई यांना,
नमस्कार.

घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घ्या.

काल तपासणी झाली. रक्त वाढायचं दूरच, आणखी उतरलं. डॉक्टरीणबाई मलाच विचारू लागल्या की सुनेला जेवायला देता की नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. देव बाजूला ठेवून मी तिला मटण खाऊ देते आहे, आणि हा प्रश्न! घरी आले, आणि आज दुपारी डबा आल्यावर पहिल्यांदाच गोदामाचा जिना उतरले.

काय पाहिलं ते कसं लिहू? साड्यांच्या गठ्ठ्यावर मांडी घालून आमचे हे बसले होते. पुढ्यात तुमचा डबा. हात मनगटापर्यंत लाल आणि तोंडात मटणाची नळी. माझा नवरा, जिजाबाई. चातुर्मासात कांद्याला शिवत नाही तो माणूस. समोर अश्लेषा लाह्या खात बसलेली. मला पाहून यांनी नळीसुद्धा खाली ठेवली नाही, डोळे तेवढे मिटले.

मग एकेक बाहेर पडलं. तिसऱ्या महिन्यापासून तिला मटणाचा वासच सहन होत नाही. पहिल्या दिवशी ती डबा नालीत रिकामा करायला निघाली, तर सासऱ्यानं अडवलं, फेकू नको वं पोरी, अन्नाचं पाप लागते. तेव्हापासून ते पाप हे एकटेच टाळत आहेत. आणि नवखे नाहीत ते. बाजारातल्या दोस्तांबरोबर लग्नाआधीपासून खातात म्हणे. या माणसाला मी रोज आधी नैवेद्य दाखवून मग ताट वाढत आले.

अश्लेषा तुम्हाला बोलली नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं की सासरच्यांनी पोरीला फिरवलं. मला बोलली नाही, कारण सासरा उघडा पडला असता. लोहाच्या गोळ्याही पोट बिघडतं म्हणून तिनं कधीच्याच बंद केल्या आहेत. मग तू खातेस तरी काय, विचारलं, तर म्हणते, वर जेवते ना तुमच्यासोबत.

डबा बंद करा. मी यांच्याशी बोलत नाही. पुढे काय करायचं ते मला सुचत नाही.

आपली,
सिंधूताई

॥ श्री ॥

तांडापेठ
८ मार्च

सौ. सिंधूताई यांना,
नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा खोटं वाटलं. व्याह्यांचं सोडा, पुरुषाच्या जिभेचा मी तीस वर्षं धंदा करते. पण माझ्या पोरीला माझ्या हातच्या मटणाचा वास सहन होत नाही आणि ते तिनं मला सांगू नये? मी काय वाघीण आहे?

तेवढ्यात जितेंद्ररावांचा फोन आला की तिला भरती केलं, रक्त चढवायचं आहे. दोघांच्याही जिवाला धोका आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, हे ऐकून गॅसवरचं पातेलं तसंच सोडून मी निघाले. आपली चुकामूक झाली; मी सकाळी होते, तुम्ही दुपारी आलात म्हणे.

डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं की बाई, एकदा सांगून टाका, माणसाला मटण लागते की नाही लागते. त्या म्हणाल्या की मटणातलं लोह अंगी लवकर लागतं हे खरं, पण न खाणाऱ्या कितीतरी बायका डाळ-भाजी, लिंबू आणि गोळ्या-इंजेक्शनांवर ठणठणीत बाळंत होतात. मटणाचं पुढे बघू, आधी ही जेवते का ते बघा. आपण दोघी जानेवारीपासून भांडतो आहोत, आणि हे एवढंसं उत्तर.

खालच्या ब्लड बँकेत सांगितलं की घरच्यांपैकी कोणी रक्त दिलं तर बरं. मी सगळ्यांच्या पुढे उभी राहिले. म्हटलं, मटण खाणारीचं रक्त आहे, घ्या किती घ्यायचं ते. बोटाला सुई टोचली आणि मला परत पाठवलं. माझ्यातच रक्त कमी आहे म्हणे. गिरिधरचं घेतलं, आमच्या यांचंही घेतलं. मी बाकावर बसून राहिले. लेकीला द्यायला माझ्याजवळ एक बाटली रक्त निघू नये?

आता हसा तुम्ही. तुमचा हक्क आहे. मी काही वाईट मानणार नाही.

लोभ ठेवा, नाहीतर कीव तरी करा.

आपली,
जिजाबाई

॥ श्री ॥

गांधीबाग
१० मार्च

प्रिय जिजाबाई,
सप्रेम नमस्कार.

आधी महत्त्वाचं. अश्लेषाला दोन बाटल्या चढल्या, चेहऱ्यावर थोडी लाली आली आहे, आणि बाळाचे ठोके चांगले आहेत. इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. एक आठवडा उशीर झाला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, ते मी विचारलं नाही.

हसणार होते मी, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी दुपारी ब्लड बँकेत मलाही त्याच खुर्चीवर बसवलं होतं, आणि मलाही परत पाठवलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून मी गप्प होते. आमच्या यांचं मात्र लगेच घेतलं. रक्त एकदम उत्तम म्हणाले. कोणाच्या डब्याचं, ते मी तिथे बोलले नाही.

तिथली डॉक्टर माझ्या भाचीएवढी असेल. तिनं विचारलं की काकू, तुम्ही जेवता केव्हा? मी म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर. काय जेवता? जे उरेल ते. तिनं मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. यात विचारण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हा वाटलं होतं.

वर येऊन अश्लेषाजवळ बसले. घरात वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर ती माझ्यासोबतच जेवत होती. माझ्यासोबत म्हणजे सगळ्यांच्या मागून. भाजी संपली की लोणचं घेऊन, पोळी कमी पडली की अर्धी-अर्धी करून. मला त्यात गुणी सून दिसत होती. बायाबापड्यांत मी तिचं कौतुक करायची. मी तिला विचारलं की पोटुशी असताना तू भूक का मारलीस, आधी का नाही बसलीस. ती रागावली नाही. सहज बोलल्यासारखी बोलली, "माह्या आईनं सांगून पाठवलं होतं, अन् तुमाले करताना पाहिलं."

जिजाबाई, दोघी मिळून आपण हिला उपाशी ठेवलं, आणि वाद कशाचा घातला?

एक विचारते, खरं सांगा. तुमच्याकडे दोन पातेली शिजतात. तुमच्या वाटीत काय येतं? नुसता रस्सा, की तुकडाही?

आपली आणि आता जरा जास्तच आपली,
सिंधूताई

॥ श्री ॥

तांडापेठ
१५ मार्च

प्रिय सिंधूताई,
सप्रेम नमस्कार.

काल हॉस्पिटलात मी अश्लेषाला विचारलं की तुले काय खावंसं वाटून राहिलं? आठव्या महिन्यात तिला हे पहिल्यांदा कोणी विचारलं. तिला बिचारीला एकदम सांगताच येईना. मग म्हणाली, आंबाडीची भाजी आणि गरम भाकर, पण गरम असतानाच. सुट्टी झाली की पहिला आठवडा ती तुमच्याकडे राहील म्हणते, मग बाळंतपणाला माझ्याकडे. मला चालेल. वासाचं मी बघून घेईन. वरच्या खोलीत वेगळी शेगडी मांडते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार दिवस दिलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. आधी गिऱ्हाईक, मग घरचे पुरुष, मग पोरं. माझ्या वाटीत रस्सा येतो, तोही तळचा. माहेरी आईच्या वाटीतही तोच असायचा. बायकांना तुकडा आवडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. मीही म्हणत आले.

काल धुळवड. तुम्हाला कल्पना नसेल, त्या दिवशी सावजीच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. पातेलं उतरवलं, आणि कोणाला वाढायच्या आधी मी एका वाटीत चार चांगले तुकडे काढले, भाकर घेतली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले. आमच्या यांनी विचारलं, "हे कोनाचं आहे वं?" मी म्हटलं, "माह्यं." ते उभेच राहिले. गिरिधर गल्ला सोडून आला. गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. असं वाटलं की मी काही चोरलं आहे, आणि घास हातातच राहिला.

मग खाल्ला. सिंधूताई, तुम्हाला मटणातलं कळत नाही, तरी तुम्हालाच सांगते. रस्सा मी रोज तळहातावर घेऊन चाखते, त्यात मीठ अगदी बेताचं असते. पण तुकडा आतून अळणी होता. पार हाडापर्यंत अळणी. तीस वर्षं अर्ध्या नागपूरला मी हे मटण वाढलं, आणि मला ठाऊक नव्हतं.

आज तुम्ही कोणाच्या आधी जेवलात ते कळवा. लोभ आहेच, तो असाच मुरू द्या.

तुमची,
जिजा